आडवी शिडी

हे लिहिण्याआधी माफी मागतो. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि माझंही शिक्षण अजून पुरं व्हायचं आहे. चित्रांना अर्थ कसा मिळतो, यावर लिहिणारी मोठी माणसं आहेत. त्यांची पुस्तकं मी ग्रंथालयात उघडून बघितली. सगळं कळलं असं म्हणणार नाही. तरीही लिहायला बसलो, कारण आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "वर्गात जे सांगितलंस ते तसंच लिहून काढ. सजवू नकोस." वर्गात मी सांगत होतो तेव्हा मुलं हसत होती. वाचणाऱ्यालाही हसू आलं तर येऊ दे, फक्त ते माझ्या काकीवर नसावं, एवढीच विनंती.

मी बेळगावला राहून बी.ए. करतो. पत्रकारिता हा विषय घेतला आहे. आमचं गाव निपाणीच्या बाजूला, हमरस्ता सोडून थोडं आत. शनिवारी दुपारी बसमध्ये बसलो, काकती मागं पडलं, की मला खिडकीतून बोर्ड बघत जायची सवय आहे. हॉटेलं, लग्नाचे हॉल, वाढदिवस, सत्कार, श्रद्धांजली. काही मराठीत, काही कन्नडात, बरेचसे दोन्हीत. बस वेगात असते, अक्षरं वाचून होत नाहीत. तरी कुठला बोर्ड वाढदिवसाचा आणि कुठला श्रद्धांजलीचा हे लगेच कळतं. ते कशावरून कळतं, याचा विचार मी कॉलेजात येईपर्यंत कधी केला नव्हता.

मॅडमनी चिन्हांचा धडा सुरू केला तेव्हा फळ्यावर एक साधा गोल काढला आणि विचारलं, "हे काय?" कुणी म्हणालं भाकरी, कुणी चंद्र, कुणी शून्य, कुणी कॅरमची सोंगटी. मग त्यांनी त्याच गोलाभोवती एक चौकट काढली आणि खाली दोन गोल जोडले. सगळे एकदम म्हणाले, "सिग्नल." मॅडम म्हणाल्या, "चित्राकडं बघायच्या आधी ते कुठं आहे बघा, शेजारी काय ठेवलंय बघा. आणि बघणाऱ्याच्या घरात काय घडून गेलंय ते विसरू नका." मी ते वाक्य परीक्षेसाठी वहीत उतरवून घेतलं. त्याच हिवाळ्यात आमच्या गावाची पंचायतीची निवडणूक लागली.

आता काकीबद्दल सांगतो. ती माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. काका निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. ते जाऊन काही वर्षं झाली. काकीला मूलबाळ नाही. ती आमच्यातच असते. आई आणि ती सोप्यात समोरासमोर बसून विड्या वळतात आणि दिवसभर एकमेकींच्या चुका काढतात.

आमची गल्ली चढावर आहे. तिला वरची गल्ली म्हणतात. टाकीचं पाणी खालच्या गल्लीत नळाला येतं, आमच्याकडं चढतच नाही. वरच्या गल्लीतल्या बायका खाली जाऊन पाणी भरतात आणि घागरी घेऊन चढ चढतात. काकीचा गुडघा दुखायला लागला तेव्हा ती आधीच्या मेंबरबाईंच्या घरी गेली. बाई आत चुलीपाशी होत्या. बोलले ते त्यांचे मालक. ते म्हणाले, "बघू की वहिनी. पर पाणी काय सांगून वर चढतंय व्हय?"

काकी घरी आली, घागर ठेवली आणि आप्पांना म्हणाली, "भावजी, ह्या खेपेला मी उभी ऱ्हाते."

आप्पा म्हणजे माझे वडील. ते म्हणाले, "कशाला नसता ताप?"

"वरच्या गल्लीला नळ पायजे. मागून मिळत न्हाय. आत बसून घेते."

आमच्या वॉर्डातली एक जागा बायकांची होती. समोर त्याच मेंबरबाई पुन्हा उभ्या होत्या. त्या निवडून आल्या तर आणखी पाच वर्षं पाणी खालीच राहणार, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

पंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं. अधिकाऱ्यांकडं चित्रांची यादी असते, तीतलं एक मिळतं. काकीनं शिलाई मशीन मागितलं होतं, ते दुसऱ्या कुणाला आधीच गेलं होतं. कन्नड कागद वाचायला म्हणून मी तिच्याबरोबर गेलो होतो. अधिकाऱ्यांनी यादीतल्या एका चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "एणी." कन्नडात एणी म्हणजे शिडी. मेंबरबाईंना ऑटोरिक्षा मिळाली.

बाहेर आल्यावर मी जरा नाराज होतो. काकी म्हणाली, "शिडीला काय झालं? घरोघरी हाय. माळ्यावर चढायला कुणाला लागत न्हाय?"

मलाही ते पटलं. वॉर्डात कितीतरी जुन्या माणसांना वाचता येत नाही, आणि येतं त्यांच्यातही कुणाला मराठी येतं, कुणाला कन्नड. मतपत्रिकेवर त्यांना ओळखीचं वाटणार ते चित्रच. चित्र घरातलं असेल तर चांगलंच, असा मी हिशेब केला.

मग आम्ही निपाणीत फ्लेक्स करायला गेलो. दुकानातला मुलगा माझ्यापेक्षा थोडा मोठा असेल. त्यानं आम्हाला दोन स्टुलं दिली आणि काकीचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला. तो फोटो मीच मोबाईलवर काढला होता, परसात, हात जोडलेले.

"मावशी, मागचा रंग कुठला?"

"कुठला पण टाक."

"तसं चालत न्हाय आमच्याकडं. भगवा टाकला तर एक बाजू म्हणती आपली, दुसरी रुसती. कानडी झेंड्याचा लाल-पिवळा टाकला तर उलटं. हिरवा टाकू?"

"हिरवा नको बाबा."

"निळा?"

"निळा पाण्याचा की रं. टाक निळा."

"निळा पण कुणाचा तरी हायच, मावशी."

काकी वैतागून म्हणाली, "मग देवानं ह्यो एवढ्या रंगांचा खटाटोप केला कशाला? कुणाचाच न्हाई असा एक रंग सांग."

तो मुलगा खुर्चीत मागं रेलला. काकीच म्हणाली, "अबोली. अबोलीचं फूल सगळ्याच बायका माळत्यात." मुलाला ते फार आवडलं. त्यानं मागं फिक्का अबोली रंग भरला, आणि आपल्या मनानं काकीच्या फोटोभोवती अबोलीच्या फुलांचा गोल गजराही बसवला. खरंच शोभून दिसत होता.

मग तो फोटो साफ करू लागला. गालावरचा काळपटपणा गेला, मानेवरच्या रेषा गेल्या. त्यानं कपाळ मोठं करून घेतलं, माऊस फिरवला आणि मध्यावर एक लाल टिकली ठेवली.  काकी पडद्याकडं बराच वेळ बघत राहिली.

"ही काढ," ती म्हणाली.

"मोकळं कपाळ बॅनरवर बरं दिसत न्हाय, मावशी. सगळ्यांचंच असतं."

"गल्लीत सगळ्यास्नी ठावं हाय माझं. उगं खोटं कशाला? आणि मोकळं कुठं हुतं? माझं गोंदण कुठं गेलं?"

काकीच्या कपाळावर मधोमध एक हिरवट ठिपका आहे. लहानपणी जत्रेत गोंदवलेला. मुलाला तो डाग वाटला होता, गालावरच्या काळपटपणाबरोबर त्यानं तोही पुसून टाकला होता. त्यानं जीभ चावली आणि ठिपका परत आणला, उलट जरा ठळक केला. काका गेले त्या दिवशी काकीचं कुंकू पुसलं गेलं ते मी बघितलेलं आहे. पुसणाऱ्या बायकांना गोंदण काही पुसता आलं नव्हतं. हे मला त्या दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या आठवलं. 

आता शिडी बसवायची राहिली होती. फ्लेक्स आडवा होता. उभी शिडी लावली तर फारच बारीक दिसत होती, आणि शेजारी जागा रिकामी राहत होती. मुलानं ती आडवी केली आणि फोटोच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब पसरली. तिच्याखाली मोठ्या अक्षरांत दोन्ही भाषांत लिहिलं की या चिन्हावर शिक्का मारावा. "आता कसं भरल्यागत वाटतंय," तो म्हणाला. मीही मान डोलावली. वर्गात मांडणी, तोल वगैरे शब्द नुकतेच ऐकले होते आणि मला चित्रात तोल दिसत होता. काकी म्हणाली, "ब्येस झालं." आप्पा बाहेर मोटारसायकलपाशी उभे होते, त्यांनी दारातूनच बघून ठीक म्हटलं.

फ्लेक्स गावच्या फाट्यावर लागला, बस थांबते तिथं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, सकाळी, आई विडीची पानं भिजवत होती. मी चहा पीत होतो. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हेल काढून रडायला लागलं. आई पानं टाकून उठली. घराघरातून बायका बाहेर आल्या. पदर डोक्यावरून पुढं ओढलेली एक बाई कपाळ बडवत आमच्याच दाराकडं येत होती.

"आगं माझ्या बाईऽऽ, न सांगता गेलीस गंऽऽ! कालपरवा फोनवर हसून बोललीस की गंऽऽ!"

ती काकीची मावसबहीण होती, चिकोडीच्या बाजूला दिलेली. आई तिला धरायला धावली. काय झालं ते आईला कळलं नव्हतं, पण बाई रडते म्हटल्यावर आईचेही डोळे भरले. एवढ्यात परसातून काकी ओले हात घेऊन आली.

"अगं अक्का, कोण गेलं?"

मावसबहिणीनं पदर वर केला. काकीला बघितलं आणि उंबऱ्यावर बसलीच.

"तूच की," ती म्हणाली.

"मी कुठं जाते? धुणं धूत हुते."

"मग फाट्यावर तुझा फोटू हार घालून कशाला टांगलाय? आणि खाली तिरडी कुणासाठी मांडलीया? बसमधनं बघितलं. हितंच उतरले. जायचं हुतं लगनाला!"

 मग आईच्या तोंडातून हुंदका आला तो मध्येच हसण्यात वळला, आणि तिला आवरेना. काकी बहिणीच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. "शिडी हाय गं ती, अक्का. निवडणुकीची. मला मिळालीया."

"आडवी शिडी कुठं असती?" मावसबहीण म्हणाली. "ती एकाच कामाला आडवी हुती." आणि डोळे पुसून आईला म्हणाली, "रडून घसा सुकला. च्या टाक आता."

मी तसाच फाट्यावर गेलो. रस्त्याच्या पलीकडं, बस थांबते तिथं उभा राहिलो आणि अक्षरं न वाचता बघायचा प्रयत्न केला. तिनं जे बघितलं होतं तेच मला दिसलं. फुलांच्या गोलात एक बाई हात जोडून निरोप घेत होती. खाली दोन लांब बांबू, त्यांना आडव्या काठ्या. आमच्याकडं तिरडी अशीच बांधतात. कॉम्प्युटरवर ते सगळं वीतभर होतं. इथं ते रस्त्यावर, उघड्यावर, माणसाएवढं मोठं होतं. आम्ही तिघांनी बघून छान म्हटलेल्या त्या चित्रात एकही गोष्ट वेगळी झालेली नव्हती.

गावात हे पसरायला वेळ लागला नाही. मेंबरबाईंच्या, म्हणजे रिक्षाच्या बाजूची पोरं पानपट्टीपाशी बसलेली असत. काकी दिसली की एक जण हाक मारायचा, "काकी, आमच्या रिक्षातनं या की! त्या तुमच्या गाडीत माणूस एकदाच बसतंय." दुसरा विचारायचा, "चार खांदं ठरलं का न्हाय?"

काकी म्हणायची, "ठरल्यात. एक तुझा धरलाय."

फ्लेक्स काढला. दुसरा केला, लहान, गजरा न घालता, शिडी उभी. पण लोकांच्या डोळ्यात पहिलाच राहिला होता. नव्या फ्लेक्सकडं बघूनही ते जुनंच आठवून हसत. मी मॅडमना फोन करून विचारलं, एकदा लागलेला अर्थ काढता येतो का. त्या म्हणाल्या, "पुसून काढता येत नसावा. वेगळा अर्थ शेजारी ठेवावा लागत असेल. मला नक्की माहीत नाही रे, तू बघ आणि मला सांग."

आप्पांनी युक्ती काढली. चित्र नको, खरी शिडीच दाखवू. आमच्या माळ्याची शिडी जुनी, लाकडी, जड आहे. संध्याकाळी प्रचाराला निघताना गल्लीतल्या दोन पोरांनी ती उचलली. एक पुढं, एक मागं, खांद्यावर. काकी सर्वांत पुढं, मागून आम्ही दहाबारा जण. घोषणा द्यायची कुणाला सवय नव्हती म्हणून सगळे मुकाट्यानं चाललो होतो. मारुतीच्या देवळापाशी पारावर एक म्हातारबुवा बसले होते. आम्ही वळणावर आलो तसे ते काठी टेकून उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले.

"कुणाचं रं?" त्यांनी हळूच विचारलं.

पोरांनी शिडी खाली टाकली. काकी पाराच्या कडेला बसून इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हातारबुवांना कुणीतरी कानात मोठ्यानं सांगितलं, तेही हसले, टोपी घातली आणि म्हणाले, "मग असं घिऊन जावा, तसं घिऊन जाताय कशाला?" आणि काठी आधी उभी, मग आडवी धरून दाखवली.

त्या दिवशी हसलो खरे. पण त्याच संध्याकाळी पुढं एक गोष्ट झाली. मधल्या गल्लीत एका घरी लग्न होतं. हळद चार दिवसांवर आली होती. काकी दारात गेली तशी घरातली म्हातारी बाहेर आली. वाईट बोलली नाही. म्हणाली, "बाई, आमच्यात मंगलकार्य हाय. झाल्यावर ये हं." आणि तिची नजर काकीच्या कपाळावरून शिडीवर गेली.

काकी "व्हय की" म्हणाली आणि परत फिरली. घरी आली. विड्यांचं सूप पुढं घेऊन बसली, पण हात चालत नव्हता. मी शेजारी बसलो.

"नळ न्हाय आला तर न्हाय," ती म्हणाली. "इतकी वर्सं भरलं पाणी, आणखी भरू. पर ह्या शिडीपायी मला बघून लोक दार लावायला लागली तर मी ह्या गावात कशी रं फिरू? आधीच कुठं सगळ्यांच्यात हळदीला बोलवत्यात."

 कॉलेजात शिकलेलं त्या वेळी काहीच उपयोगाचं वाटलं नाही. थोड्या वेळानं तिनंच मला उठवलं. "ती शिडी आत घिऊ नको. बाहेर भिंतीला उभी कर. आत आणायची म्हणजे परत आडवी करायला लागणार."

शिडी त्या रात्री आमच्या घराबाहेर, गल्लीच्या भिंतीला टेकून उभी राहिली. यामागं काही योजना नव्हती.

सकाळी शेजारच्या बाईनं विचारलं, "शिडी घेऊ काय गं? माळ्यावरचा हंडा काढायचाय." तिनं नेली, दुपारी परत आणली. मग तिच्या पलीकडच्या घरानं कौलं चाळायला नेली. त्यांच्याकडून कुणी विजेचा बल्ब बदलायला. शिडी असतेच घरोघरी, पण आमची उंच होती आणि बाहेरच उभी होती, मागायला आत यावं लागत नव्हतं. नेणारा एकटा असला तर उभी धरूनच न्यायचा. काकी घरोघरी जायची ते कमी झालं. गल्लीत ती शिडी मात्र फिरत होती. कुणी विचारलं, "कुणाची म्हणायची ही?" तर उत्तर यायचं, "काकीची."

लग्नघरी मांडव घालायचा होता. त्यांची शिडी तोकडी पडली. एक मुलगा धावत आला आणि न विचारता आमची घेऊन गेला. काकीनं बघितलं आणि विडी वळत राहिली. मांडवाला आंब्याचे टहाळे त्याच शिडीवरून बांधले गेले. हळद झाल्यावर म्हातारी स्वतः शिडीबरोबर आली. शिडी नातवानं धरली होती, म्हातारीच्या हातात लाडवांचं ताट होतं. शिडीच्या खालच्या दांड्यांवर पिवळी बोटं उमटली होती.

"हळदीच्या हातांनी धरली पोरींनी," म्हातारी म्हणाली. "पुसू काय?"

"असू दे की," काकी म्हणाली.

म्हातारी जाताना वळली. "मला तवा भ्या वाटलं गं. त्यो बोर्ड बघितला हुता न्हवं." काकीनं तिला पाणी दिलं, खालून भरून आणलेलं. म्हातारी अर्धं प्याली आणि तांब्याकडं बघत म्हणाली, "हितं पाणी न्हायच व्हय तुमच्यात अजून?"

मतदानाच्या आधी निवडणुकीचे एक अधिकारी गावातून फिरले. कुणी तक्रार केली होती की उमेदवार बाई घरोघरी चिन्ह वाटते आहे. त्यांनी भिंतीला टेकलेली शिडी बघितली आणि विचारलं, "ई एणी यारदु?" म्हणजे ही शिडी कुणाची. काकी दारात आली आणि तिनंही कन्नडातच उत्तर दिलं, "यल्लारदू री." सगळ्यांची आहे साहेब. तेवढ्यात एक बाई आली, शिडी उचलली आणि निघून गेली. साहेबांना हसू आवरेना. मतदानाच्या दिवशी शाळेच्या आसपास ही दिसता कामा नये, एवढं बजावून ते गेले. त्या दिवशी आम्ही शिडी आत घेतली, माळ्याला लावली.

मतमोजणी निपाणीत होती आणि नेमकी त्याच दिवशी बेळगावला माझी अंतर्गत परीक्षा होती. काकी म्हणाली, "तू हितं असून मतं वाढणार हायत व्हय? जा, पेपर लिही." पहिला प्रश्न चिन्हांवरच होता. मी काय लिहिलं ते आता आठवत नाही. बाहेर आल्यावर आप्पांना फोन लावला, बंद होता. मतमोजणीच्या ठिकाणी मोबाईल नेऊ देत नाहीत हे माहीत होतं, तरी लावत राहिलो. आमच्याकडं कागदाची मतपत्रिका असते, ती उघडायची, लावायची, मोजायची, फार वेळ जातो. मी कॅम्पात, म्हणजे लष्करी भागात, गेलो, तिथं झाडं आहेत आणि बसायला शांत असतं. एका कट्ट्यावर बसलो. समोर शाळा सुटली, मुलं गेली, चर्चची घंटा झाली, सैनिकांची एक गाडी गेली. मी नळाचा विचार करत होतो आणि त्याहून जास्त काकीच्या घरी परत येण्याचा. हरली तर पोरं पानपट्टीपाशी काय म्हणतील ते मला शब्दाशब्दानं माहीत होतं.

दिवे लागायच्या सुमाराला आप्पांच्या फोनवरून एक फोटो आला. शब्द नाही, नुसता फोटो. आप्पा टाईप करत नाहीत. फोटो हललेला होता, एका कोपऱ्यात त्यांचं बोट आलं होतं. गल्ली आमचीच. माणसांची गर्दी. आणि गर्दीच्या वर, चौघांच्या खांद्यांवर, शिडी. आडवी.

 कुणी थट्टा केली असेल असंच मनात आलं. मग मी फोटो बोटांनी मोठा केला. शिडीवर कुणीतरी बसलं होतं. दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली होती, तोंड उघडं, ओरडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. मी आणखी मोठा केला. चेहरा फुटला, नुसते रंगाचे चौकोन झाले, त्यातला कपाळाचा भाग सगळा लाल होता. गुलाल. इतका की गोंदण दिसत नव्हतं. पुढच्या खांद्यांपैकी एक मला ओळखीचा वाटला, पानपट्टीपाशी बसणाऱ्या पोराचा.

तरी मी विश्वास ठेवला नाही. एका फोटोनं आम्हाला आधीच फसवलं होतं. मी फोन हातात धरून बसून राहिलो. मग तो वाजला. मागं हलगी वाजत होती, आप्पांचा आवाज नीट येत नव्हता. मी उठून झाडापलीकडं गेलो.

"ऐकू येतंय काय रं?" आप्पा ओरडत होते. "निवडून आली तुझी काकी! शिडीची एक दांडी मोडली तेवढी. उद्या सुताराकडं न्यायची हाय."